आधी विसर्जन, मग आवाहन

सिनेमा संपून पडद्यावर नावं वर सरकायला लागतात तेव्हा लोक चपला चाचपत असतात, झोपलेल्या पोरांना उठवत असतात, पार्किंगमधून आपली गाडी आधी निघावी म्हणून घाई करत असतात. ‘धाकटी पाती’ या आमच्या सिनेमात माझं नाव नेमकं तेवढ्या वेळात येऊन जातं. त्यापुढे ‘नियोजन आणि सातत्य’ असं लिहिलंय. माझ्या सख्ख्या बहिणीनंसुद्धा ते अजून वाचलेलं नाही. तेव्हा मी काय काम केलं ते इथेच सांगून टाकते.

नांदेडच्या एका शाळेत मी मुख्य लिपिक होते. परीक्षेची बैठकव्यवस्था, शिक्षक रजेवर गेले की तासांची अदलाबदल, स्नेहसंमेलनात कोणत्या पोराचा फेटा कोणत्या पिशवीत आहे, हे सगळं माझ्या वहीत असायचं. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दुसऱ्याच महिन्यात अविनाश घरी आला. हा आमच्याच शाळेचा. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, ती सोडून परत आला.

“शैलाताई, सिनेमा करतोय,” तो म्हणाला. “गोष्ट आहे, कॅमेरा आहे, नाटकातली माणसं आहेत. कोणती वस्तू कुठे आहे हे सांगणारं तेवढं कोणी नाही.”

“म्हणजे लिपिक पाहिजे,” मी म्हणाले.

“हाव. लिपिकच.”

गोष्ट साधी होती. दोन भाऊ, दोन जावा. एका घराची दोन घरं होतात, थोरली पाती शहर सोडून जाते, धाकटी तिथेच राहते. पुढे काही वर्षांनी थोरली जाऊ परत दारात येते. मारामारी नाही, गाणं नाही, खलनायक नाही. मी संहिता एका बैठकीत वाचली आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं: एकूण साड्या ४१, जेवणाचे प्रसंग ९.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट आधी समजावून सांगावी लागते. सिनेमा पडद्यावर दिसतो त्या क्रमानं चित्रित होत नाही. जागा, नट, उजेड जसा हाती लागेल तसे प्रसंग उरकायचे. लग्न आज, साखरपुडा पुढच्या आठवड्यात, आणि दोघांची पहिली भेट सगळ्यात शेवटी. मग पहिल्या दिवशी हातात बांगड्या किती होत्या, पदर कोणत्या खांद्यावर होता, ताटात भात कुठवर खाल्ला होता, हे कोणीतरी लिहून ठेवायला लागतं. ते सातत्य. आणि कोणता प्रसंग कोणत्या दिवशी, कोणाला किती वाजता बोलवायचं, हे नियोजन. दोन्ही मीच.

या कामातला पहिला धडा मला अर्धापूरच्या केळ्यांनी दिला. ओसरीवर केळीचा घड टांगलाय आणि सकाळी सगळं कुटुंब चहा पितंय, असा एक मोठा प्रसंग होता. पडद्यावर सहा मिनिटं, चित्रीकरणाला चार दिवस. पहिल्या दिवशी घड पिवळा. दुसऱ्या दिवशी ठिपके. तिसऱ्या दिवशी काळा, आणि थोरल्या भावाचं काम करणारे गृहस्थ दर दोन टेकच्या मधे एक केळं खाऊन मोकळे. मी अर्धापूरला फोन लावला आणि बागायतदाराला सांगितलं, रोज सकाळी एक घड पाठवा, पण तेवढ्याच फण्यांचा आणि तेवढाच पिकलेला.

“बाई,” तो म्हणाला, “केळं काय तुमच्या घड्याळावर पिकून राहिलं का?”

तरी पाठवले बिचाऱ्यानं. एका ठिकाणी मात्र चूक राहिलीच. एका दृश्यात शेवटच्या फणीला अकरा केळी आहेत आणि पुढच्याच दृश्यात चौदा. आजवर कोणाच्याही लक्षात आलेलं नाही. मला प्रत्येक वेळी तेवढंच दिसतं.

पण ही चूक किरकोळ. मोठी चूक महालक्ष्म्यांची.

आम्हाला घर मिळालं होतं ते नांदेडमधल्याच प्रमिलाकाकू आणि माधवकाकांचं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दोन भावांनी मिळून बांधलेलं सिमेंटचं घर, पोर्चच्या मधून नंतर घातलेली भिंत, दोन दारं. त्यातलं एक दार सतरा वर्षं कुलपात. थोरले दीर-जाऊ लातूरला गेलेले. अविनाशची गोष्ट त्यांच्यावर लिहिलेली नव्हती, घर शोधताना योगायोगानं ते सापडलं. काकूंनी आम्हाला लगेच हो म्हटलं. “घर तसंही गप्पच असतं,” म्हणाल्या. काकांना विचारलं तर ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “मला विचारू नका. घर तिचंय.”

सिनेमाचा शेवट महालक्ष्म्यांचा होता. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. भाद्रपदात थोरली आणि धाकटी अशा दोघी येतात. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पुरणाचं जेवण, तिसऱ्या दिवशी विसर्जन. संहितेत असं होतं की धाकटी जाऊ एकटी विसर्जन करत असते आणि थोरली दारात येते. थोरलीचं काम करायला पुण्याहून मीनलताई येणार होत्या. रंगभूमीवरच्या जुन्या, जाणत्या बाई. त्यांच्याकडे दोनच दिवस होते, तिसऱ्या दिवशी त्यांचा पुण्यात प्रयोग. त्यामुळे मी शांतपणे वहीत लिहिलं: पहिला दिवस विसर्जन, दुसरा दिवस जेवण, आवाहन पुढच्या आठवड्यात. महिना माघ.

बाजारातून मुखवटे आणले, ते बसवायला धड म्हणून लोखंडी कोथळ्या आणल्या, दोन नऊवारी नेसवल्या. खरं वाटावं म्हणून पुरण खरं शिजवलं. आणि शेवटची हुशारी म्हणजे, गर्दीसाठी गल्लीतल्या आठ बायकांना बोलावून सांगितलं, “आपापला करंडा घेऊन या. घरी करता तसंच करा.”

त्यांनी तसंच केलं. आम्ही दिवे लावत होतो तेवढ्यात आठही जणींनी दोघींना हळदकुंकू लावलं, ओट्या भरल्या, नमस्कार केले, एकीनं तर नव्या सुनेला पाया पडायला लावलं. काकू भाजी घेऊन परत आल्या, पिशवीसकट दारात थांबल्या.

“कधी बसवल्या?”

“बसवल्या नाहीत काकू,” मी म्हणाले. “नुसत्या उभ्या केल्यात. आज विसर्जन करायचंय.”

“न बसवता उठवणार?”

“शूटिंग आहे काकू. खोटं आहे सगळं.”

“साडी खोटी हाय का? पुरण? हे समदं गाव उभं हाय ते खोटं हाय?”

“पण माघात कुठे महालक्ष्म्या असतात!”

“महिना त्यांनी निवडला न्हाई,” काकू म्हणाल्या. “तुम्ही निवडला.”

त्या ओरडल्या नाहीत. पिशवी खाली ठेवून त्या मुखवट्यांसमोर मांडी घालून बसल्या. विसर्जनात अक्षता टाकून मूर्ती जरा हलवतात, तो आमचा पहिलाच शॉट होता. काकू मधे बसलेल्या. कॅमेरा तयार, मीनलताई साडी नेसून तयार, आणि कोणाची हिंमत होईना त्यांना उठा म्हणायची. तोवर दोन तृतीयांश सिनेमा याच घरात चित्रित झालेला होता. घर गेलं तर सिनेमा गेला.

अविनाश मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, तुम्ही बोला. तुमचं ऐकतील.”

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. तेव्हा मला कळलं ते असं. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा घरच्या महालक्ष्म्या थोरल्या जाऊबाईंसोबत लातूरला गेल्या. त्यात वावगं काही नाही, त्या थोरल्या घरीच राहतात. धाकट्यांनी जेवायला तिथे जायचं. पण आवतण बाईनं बाईला द्यायचं असतं. पहिल्याच वर्षी लातूरहून फोन आला तो माधवकाकांना. “जेवायला या” म्हणून. काकूंना कोणी काही म्हटलं नाही. त्या गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी फोनही आला नाही.

“सतरा वर्षं झाली,” काकू म्हणाल्या. “ह्या घरात हळदीचा हात उमटला न्हाई भाद्रपदात. अन् आज तुम्ही आणलं अन् लगेच घालवून राहिलात.”

मी पर्समधून वही काढली, कारण मला दुसरं काही येत नाही.

“काकू, तीन दिवस क्रमानं केलं तर चालेल? आज आवाहन, उद्या जेवण, परवा विसर्जन?”

“चालंल की.”

“पण मीनलताई परवा नाहीत.”

“मग ती थोरली उद्या यील जेवायला. सणाला माणूस जेवणाच्या दिवशी येतो, उष्टी काढायला न्हाई येत.”

अविनाश चिडला. दोन वर्षं लिहिलेला शेवट होता तो. “ताई, शेवट विसर्जनावर आहे! महालक्ष्म्या जाताना ही येते, त्यात अर्थ आहे!” मी म्हणाले, अर्थ तू पाहा, माझ्याकडे उद्या संध्याकाळपर्यंतच बाई आहे. अर्धा तास तो गच्चीवर येरझाऱ्या घालत राहिला. खाली आला आणि म्हणाला, “काढा नवीन वेळापत्रक.” त्या दिवशी मी सत्तावीस माणसांच्या वेळा, अकरा प्रसंग आणि दोन गाड्या दुपारच्या जेवणापर्यंत फिरवल्या. नोकरीत कधी एवढ्या वेगानं काम केलं नव्हतं. याचा मला अजून अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा प्रसंग. मीनलताई दारातून आत येतात, धाकटी जाऊ पंगतीत वाढत असते, अशी नवी रचना. पहिल्या टेकला मीनलताई सरळ आत आल्या आणि काकू कॅमेऱ्यामागून म्हणाल्या, “अं हं.”

अविनाशनं कट म्हटलं. “काय झालं काकू?”

“आवतण नसताना आलेली बाई अशी घुसत न्हाई. उंबऱ्याशी थांबती. आतलीनं ‘या’ म्हणायची वाट बघती.”

“आणि आतली नाही म्हणाली तर?”

“नाही कशाला म्हणंल? तिलाबी तेच पाहिजे असतंय. पण म्हणायला तोंड उघडावं लागतं ना.”

मीनलताईंनी हे नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या टेकला त्या उंबऱ्याशी थांबल्या. धाकटीच्या हातात पुरणपोळीचं ताट. ती बघते, वाढायला वाकते, पुन्हा बघते. कोणी बोलत नाही. मी घड्याळ लावलेलं होतं, सातत्यासाठी लावावंच लागतं. एक मिनिट चाळीस सेकंद. मागे पंगतीत बसलेल्या आठ बायकांपैकी एकीही हलली नाही. मग धाकटी म्हणते, “या.” अविनाश कट म्हणायला विसरला.

तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं. अक्षता काकूंनी स्वतः टाकल्या आणि ते दृश्य सिनेमात तसंच आहे. संध्याकाळी सामान आवरताना त्यांनी दोन्ही मुखवटे नव्या खणात गुंडाळून माझ्या हातात दिले.

“काकू, तुम्हीच ठेवा की. आता तुमच्याकडे बसल्यात.”

“आमच्यात थोरलीनं हातानं दिल्याबिगर धाकटीला वेगळ्या बसवता येत न्हाईत. घ्या, तुमच्या पेटीत टाका.” मी पेटीकडे वळले तर लगेच म्हणाल्या, “पेटीत नका टाकू.”

म्हणून ते मुखवटे माझ्या घरच्या कपाटात आले, वरच्या खणात, माझ्या लग्नातल्या शालूशेजारी. वापरलेल्या सामानाच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे ती कुठे गेली ते मी लिहिते. साड्या परत, कोथळ्या परत, पाट परत. मुखवट्यांपुढची जागा मी कोरी ठेवली. भाद्रपद आला आणि गेला. त्या दिवसांत मी एकदा काकूंकडे गेले होते. घरात नेहमीसारखी वरण-पोळी. त्यांनी मुखवट्यांचं नाव काढलं नाही, मीही नाही.

सिनेमा पूर्ण झाला. आता त्याच्या नशिबाबद्दल खरं तेच सांगते. मोठ्या चित्रपटगृहांनी आम्हाला सकाळी साडेनऊचा खेळ दिला आणि तोही आठवडाभर. सकाळी साडेनऊला मराठवाड्यात कोण सिनेमा बघतं? आमच्याकडे त्या वेळी पाणी भरतात. मग आम्ही स्वतःच निघालो. सभागृहं, महाविद्यालयं, मंगल कार्यालयं. पडदा आमचा, खुर्च्या त्यांच्या. भोकरला एका मंगल कार्यालयात खेळ झाला तेव्हा मागे कोणाच्या तरी लग्नाचं ‘शुभविवाह’ लिहिलेलं थर्माकोल तसंच होतं. खेळ संपल्यावर एक आजोबा उठून म्हणाले, “चांगलं होतं. पर हिरो कोण होता?” दुसऱ्यानं विचारलं, “हे समदं आमच्या घरातलंच हाय. त्याचं तिकीट कसं काय घेऊन राहिलात?” मला वाटतं, सिनेमाचं याहून चांगलं परीक्षण कोणी केलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी उंबऱ्याचं दृश्य आलं की सभागृह शांत व्हायचं आणि मग कुठूनतरी बायकांचा आवाज यायचा, “म्हण की गं!” नांदेडच्या खेळाला तर पंचवीस-तीस बायका एकदम ओरडल्या. काकू माझ्या शेजारी बसलेल्या. त्या ओरडल्या नाहीत.

लातूरचा खेळ पुढच्या वर्षीच्या श्रावणात झाला. सभागृह भरलेलं. मी दाराशी तिकिटं तपासत उभी होते. पहिल्या दहा मिनिटांतच तिसऱ्या रांगेतून एक बाई मोठ्यानं म्हणाल्या, “अगं बाई, हे तर आमचं घर!” आणि शेजारची कोणीतरी, “गप बसा ना मॅडम.” मला अंदाज आला. निवृत्त मुख्याध्यापिका वत्सलाबाई, काकूंच्या थोरल्या जाऊबाई. मी उरलेला सिनेमा पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत काढला. उंबऱ्याच्या दृश्यात सगळं सभागृह धाकटीला “म्हण की” म्हणत होतं आणि या बाई ताठ बसलेल्या, हातातला रुमाल तसाच.

खेळ संपल्यावर त्या सरळ माझ्याकडे आल्या.

“तुम्ही यातल्या कोण?”

“नियोजन आणि सातत्य.”

“म्हणजे?”

“लिपिक.”

“बरं. ते उंबऱ्यात थांबायचं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“प्रमिलाकाकूंनी.”

“म्हणजे तिला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “ मग मी काय इतकी वर्षं उंबऱ्याकडे बघत बसले नाही का? वाटायचं, येईल. मोठीच्या घरी यायला आवतण कशाला लागतं?”

“त्यांना वाटलं, लागतं.”

“फोन केला होता यांनी.”

“काकांना केला होता. काकूंना नाही.”

मुख्याध्यापिका माणसाला असं तोंडावर सांगणं सोपं नसतं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मी विचार केला की याहून चांगली वेळ मिळणार नाही, आणि मुखवट्यांची हकीकत सांगून टाकली. माघातलं आवाहन, खण, माझं कपाट, सगळं.

“आणा इकडे,” त्या म्हणाल्या.

मी घाबरले. लातूरला आणले आणि यांनी ठेवून घेतले तर? “नाही,” मी म्हणाले. “तुम्ही नांदेडला चला.”

“मला कोण बोलावतंय?”

मी फोन काढला, काकूंना लावला आणि काही न बोलता त्यांच्या हातात दिला. आवाज मोठा करायचं बटण चुकून दाबलं गेलं असं मी म्हणणार होते, पण खरं म्हणजे मुद्दाम दाबलं. दीड वर्ष कपाट माझं अडलेलं होतं आणि तेवढाच काळ जीव.

“हॅलो, शैलाताई? झाला का खेळ?”

“मी बोलतेय. वत्सला.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“सिनेमा बघितला,” वत्सलाबाई म्हणाल्या. “अक्षता टाकताना तू दिसलीस. वाळलीस.”

“वय झालं, अक्का.”

“आंबील दाखवली त्यात, ती कोणी केली होती? लई घट्ट दिसत होती.”

“मीच केली व्हती.”

“वाटलंच.” मग आवाज जरा खाली आला. “ते मुखवटे यांच्याकडे आहेत म्हणे. भाद्रपदात बसव. मी दिले असं समज.”

“समजून कसं चालंल अक्का? हातानं द्यायच्या असतात. फोनवर न्हाई.”

वत्सलाबाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बघा. अजून तशीच आहे.” पुन्हा फोन कानाला लावला. पलीकडे काकू काहीतरी बोलत होत्या, पण आता इतकं हळू की मोठ्या आवाजातसुद्धा मला ते कळलं नाही. वत्सलाबाई नुसत्या “हं” म्हणत राहिल्या. पाच-सहा वेळा. सभागृह रिकामं झालं, अविनाश पडद्याची गुंडाळी करून आमच्याजवळ येऊन उभा राहिला, त्यालाही मी हातानंच थांबवलं.

शेवटी त्यांनी फोन मला परत दिला. रुमाल पर्समध्ये टाकला, पर्स बंद केली.

“नांदेडच्या बसा किती वाजता आहेत उद्या?”

बसच्या वेळा माझ्या वहीत होत्याच. सहाची, साडेआठची, अकराची आणि दुपारची एक. मी वाचून दाखवल्या.

“सहाची,” त्या म्हणाल्या.